वेगानं नाही गेलात तुम्ही

फाट्यावर तुमचा फ्लेक्स लागलाय. गॅरेजच्या बरोबर समोर, रसवंतीच्या टपरीला टेकून. तुमचं तोंड केवढं तरी मोठं केलंय, डोळ्यांवर कुणाचा तरी काळा गॉगल चिकटवलाय, मागं आगीच्या ज्वाळा, आणि वर लिहिलंय, 'वेगाचा बादशहा सुंदर मिस्तरी हरपला'. तुमच्या डोक्यावर दादासाहेबांचं तोंड आहे, आपल्या भागाचे पुढारी म्हणून तुमच्याहूनही मोठं. खाली ओळीनं पोरांचे फोटो, सगळे हात जोडून. त्या ओळीत दादासाहेबांचा पुतण्याही आहे. ज्याच्या जीपनं तुम्हाला उडवलं, तोच भैया. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, चेहऱ्यावर दुःख. शोकाकुल.

मी रस्त्यात उभी राहून थुंकले. बाईमाणसानं असं थुंकू नये, हे मला कळतं. रसवंतीवाला मान खाली घालून ऊस साफ करत राहिला. त्याला काय बोलणार? त्याच्या टपरीला विचारून थोडाच कुणी खिळे ठोकले!

तुम्ही असता तर आधी ते खिळेच हलवून बघितले असते. "कुनी लावलंय हे? वारं सुटलं तर येखाद्याच्या डोस्क्यात पडंल," असं म्हणाला असता. हा तुमचा स्वभाव मला माहीत आहे, तुमच्या दोस्ताला, ख्वाजाभाईला माहीत आहे, पण गाव आता दुसराच कुणीतरी सुंदर मिस्तरी तयार करून बसलंय. तो मिस्तरी म्हणे सदा हवेत उडायचा. तो म्हणे म्हणायचा, मरीन तर गाडीवरच मरीन. माझ्या भाचीनं मला मोबाइलवर दाखवलं. तुमच्या फोटोला गाणं लावलंय, गाडीचा आवाज जोडलाय, आणि शेवटी लिहिलंय की वेगानंच घात केला.

वेगानं नाही गेलात तुम्ही. तुम्ही उभे होता. रस्त्याच्या कडेला, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, हातात लाल फडकं घेऊन उभे होता. हे मला एकदा धडपणे सांगायचंय, आणि दुसऱ्या कुणाला ते ऐकायचं नाही. म्हणून तुम्हालाच सांगते.

मोटरसायकलवर मला मागं बसवून तलवाड्याला, तुमच्या आईकडं निघालात की मला पेंग यायची. पुढं एसटी असली तर तिच्या मागं धूर खात चालायचं, पण ओलांडायचं नाही. मी पाठीत बुक्की मारायची, "अहो, बैलगाडी पुढं गेली की!" तुमचं उत्तर ठरलेलं, "जाऊ दे. रस्ता आपल्या बापाचा न्हाई." आणि हाच माणूस घरी आला की त्या शर्यतीच्या चारचाकी गाडीच्या पोटात शिरून ती आणखी कशी पळेल याच्या मागं लागायचा. मला त्याचा मेळ कधी लागला नाही. एकदा विचारलं तर म्हणालात, "पळायची जागा येगळी असती, शोभा. रस्ता घरी यायसाठी असतो."

खरं सांगू का? ती गाडी दारात आली त्या दिवशी मला तिची किळसच आली होती. बीडच्या एका डॉक्टरांच्या बंगल्यामागं कडुनिंबाखाली वर्षानुवर्षं उभी असलेली, जपानी बनावटीची, चार दारांची, बुटकी. टेम्पोत घालून, दोरखंडानं आवळून आणलीत. दार उघडलं तर आतून असा भपका आला की मी पदर नाकाला लावला. मागच्या सीटमध्ये मांजर व्यालेलं होतं कधीतरी. हवा यायच्या जाळीत एक उंदीर मरून वाळून चिकटलेला. तुम्ही तो चिमट्यानं काढलात आणि दाखवायला माझ्याकडंच घेऊन आलात, काय बक्षीस मिळाल्यासारखे!

"असल्या गाड्या डॉक्टर-वकील घेतात लग्नाला जायला," मी म्हटलं. "ही काय शर्यतीची गाडी आहे?"

तुम्हाला राग आला. कधी नाही तो आला. "काय बोलतीस? आमी पुन्याला काम शिकायला गेलतो, तवा ही गाडी गेटातून आत आली की समदे मिस्तरी हातातले पाने खाली ठेवायचे. दिसायला गरीब हाय. इंजिन बघ तिचं."

मी इंजिन बघितलं. त्यावर पाखरांची घाण होती. तुम्ही मात्र त्या घाणीत हात घालून पाना लावलात, काहीतरी फिरवलंत, आणि हसून म्हणालात, "फिरतंय. हातानं फिरतंय बघ." तेव्हाचा तुमचा चेहरा त्या फ्लेक्सवर नाही. ते काळ्या गॉगलचं सोंग ज्यानं चिकटवलं, त्याला तो चेहरा कुठून मिळणार!

मग सुरू झाला तो संसार. गॅरेजला लागून माझं शिलाईचं दुकान, मध्ये एक पत्रा. त्या पत्र्यातून दिवसभर ग्राइंडरचा आवाज, वेल्डिंगचा वास, पेट्रोलची वाफ. बायका ब्लाउज घ्यायला यायच्या आणि नाक मुरडायच्या. माझी भाकरी थापायची काथवट तुम्ही नेलीत आणि तिच्यात डिझेल ओतून पिस्टन धुतलेत. परत आणून जागेवर ठेवलीत, वर पुसूनही ठेवलीत. भाकरी तोंडात घातल्यावर मला कळलं. मी ताट सरकवून दिलं. तुम्ही मात्र दोन्ही भाकरी खाल्ल्यात आणि म्हणालात, "मला तर वास येत न्हाई." तुम्हाला कसा येणार? तुमच्या घामालाच तो वास होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, उशीला तेलाचा वास आणि ग्रीसचा वास यातला फरक मला सांगता यायचा नाही.

टर्बो म्हणजे काय ते तुम्ही मला ओट्यावर बसून समजावलंत. इंजिन जो धूर बाहेर फेकतं त्यात जोर असतो, तो वाया जातो. त्या धुरावर एक पंखा फिरवायचा, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबणार. हवा जास्त, पेट्रोल जास्त, ताकद जास्त.

"म्हणजे जेवण झालेल्या माणसाला बळंच आणखी चारायचं," मी म्हटलं.

"तसंच. पन त्याला पचलं पायजे. समदी मेख तिथंच."

ख्वाजाभाई आपला लेथवाला, तुमचा लहानपणापासूनचा दोस्त. त्यानं जाड पाइप वाकवून, कापून, जोडून, धूर गोळा करणारा लोखंडी पंजा बनवला. इतका सुबक होता की मी त्याला म्हटलं, भाई, हा भिंतीला टांगला तरी शोभेल. पण तुम्ही त्याला लावलात भंगारातल्या डिझेल जीपचा टर्बो. ख्वाजाभाई तेव्हाच ओरडला होता, "सुंदरभाई, ये डिझेल का हाय. पेट्रोल का धुआं लई गरम रहता. टिकनार न्हाई." तुम्ही ऐकलं नाही. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या मोकळ्या आवारात गाडी नेलीत, मालकाला विचारून, फाटक लावून. पहिल्यांदा जोरात दाबली आणि ती अशी सुटली की मी फाटकाला जाऊन टेकले. तिसऱ्या फेरीला एक ठोका, मग निळा धूर, मग काहीच नाही.

इंजिन उघडलं तर एका पिस्टनच्या डोक्याला बोराएवढं भोक. ते पिस्टन तळहातावर घेऊन तुम्ही उंबऱ्यावर बसलात. जेवायला उठेनात. मी तोंड सोडलं. भंगारात घाला म्हटलं, लोक हसतात म्हटलं, आणखीही काय काय म्हटलं. तुम्ही एवढंच बोललात, "गाडीची चूक न्हाई. हवा लई भरली, पेट्रोल कमी पडलं, आत जाळ झाला. चूक माझी हाय." त्या वेळी मला त्या वाक्याचा संताप आला होता. आता आजूबाजूला बघते तर 'चूक माझी आहे' म्हणणारा माणूस औषधालाही दिसत नाही.

दुसरा टर्बो नीट पेट्रोलचाच मागवलात. पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा छोटा संगणकही आला. जिनिंगच्या आवारात तुम्ही गाडी चालवायचात आणि मी शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायची. मला त्यातलं एवढंच शिकवलं होतं की अमुक रेघ लाल झाली की ओरडायचं. मी ओरडायची, "थांबा!" आणि तुम्ही खरंच थांबायचात. घरात माझ्या कुठल्याच 'थांबा'ला तुम्ही इतका मान दिला नाहीत. धुराच्या पाइपाला गुंडाळायची ती काचेच्या धाग्याची पट्टी मी गुंडाळली, कारण तुमची पट्टी ढिली पडायची. पट्टी पाण्यात भिजवून, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर चढवून, ताणून. हाताला आठवडाभर खाज सुटली, ब्लाउजच्या कापडाला हात लावता येईना. तुम्ही त्या पाइपाकडं बघत राहिलात आणि ख्वाजाभाईला म्हणालात, "बघ बे, शिलाई कशाला म्हनतात." मला तोंडावर कधी म्हणाला नाहीत. पत्र्याच्या पलीकडून मी ऐकलं.

मग ती शर्यत. पुण्याच्या पुढं कुठल्याशा खासगी धावपट्टीवर, दोन-दोन गाड्या शेजारी उभ्या करून सरळ पळवायच्या. आपण गाडी टेम्पोवर घालून नेली. तिथली पोरं, त्यांच्या चकचकीत गाड्या, त्यांचे छापील शर्ट. आपल्या गाडीचं बॉनेट एका रंगाचं, दार दुसऱ्या रंगाचं. कुणीतरी हसलं. पहिल्याच धावेला हवेचा एक पाइप निसटला, फस्स करून गाडी अर्ध्यात मेली. ख्वाजाभाईनं पट्टा आवळला. दुसऱ्या धावेला मी कठड्याशी उभी होते. दिवा हिरवा झाला, आणि ती गाडी, मांजर व्यालेली, उंदीर मेलेली ती गाडी, अशी गेली की तिचा आवाज मला मागाहून ऐकू आल्यासारखा वाटला. शेजारची परदेशी गाडी मागं पडली. हसणाऱ्या पोरानं टाळ्या वाजवल्या. ख्वाजाभाई तर मला विसरून कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या गळ्यात पडला.

आणि बादशहा? बादशहा गाडी परत घेऊन आले, हेल्मेट काढलं, तंबूच्या मागं गेले आणि भडभडा ओकले. मी पाठीवर हात फिरवला, तांब्या दिला. "लई भ्या वाटलं गं," तुम्ही म्हणालात. पुढच्या फेरीत आपण हरलो. येताना टेम्पोत तुम्ही माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपलात, तोंड उघडं ठेवून. माझा बादशहा तो आहे. गॉगलवाला त्यांना लखलाभ.

शर्यतीचा व्हिडिओ फिरला आणि माशा आल्या. भैया आला त्याची पांढरी जीप घेऊन, बरोबर चार टाळकी. मी पत्र्याआड मशीनवर होते, सगळं ऐकू येत होतं.

"मिस्तरी, जीपला फटाके फोडनारा सायलेन्सर बसवा. असा आवाज पायजे की चौकातली मानसं हलली पायजेत."

"आपन ते काम करत न्हाई, भैया. चौकात म्हातारी मानसं असत्यात, दवाखाना हाय."

"तुमची गाडी आवाज करती ते चालतंय का?"

"ती रस्त्यावर जात न्हाई."

"मग ती द्या. दादासाहेबांच्या वाढदिवसाला मिरवनुकीत पुढं ठिवू. तुमचं नाव व्हईल."

"ती मिरवनुकीची न्हाई. ब्रेक लावायला जागा लागती तिला. मानसांत सोडली तर मानूस मरंल."

एक टाळकं म्हणालं, "लई माजलाय बे हा." पाना उचलल्याचा आवाज आला आणि मग कामाचा. मला तेव्हा वाटलं, जरा गोड बोलायला काय जात होतं! आता तसं वाटत नाही.

तुम्ही गेलात तो उसाचा हंगाम. तलवाड्याला आईला भेटून परतत होता, दिवस मावळायला आलेला. वाटेत दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर रस्त्यातच बसला होता, मागच्या ट्रॉलीचं चाक निखळून. तिला ना लाल दिवा, ना रेडियमची पट्टी. ट्रॅक्टरवाला माणूस आणायला गेलेला, आणि ट्रॉलीच्या आडोशाला ऊसतोडीचं एक जोडपं लेकराला घेऊन बसलेलं. तिथून शंभर गाड्या गेल्या असतील. तुम्ही मोटरसायकल खाली मुरमात लावलीत. बाभळीच्या फांद्या तोडून ट्रॉलीच्या मागं रस्त्यावर टाकल्यात, दगड मांडलेत, आणि आणखी मागं जाऊन लाल फडकं हलवत उभे राहिलात.

हे मला कुणी सांगितलं? गावानं नाही. ठाण्यात तर 'अनोळखी वाहन' लिहून मोकळे झाले होते, वर मलाच विचारलं, "मिस्तरी रेसिंग करत होते ना?" मी म्हटलं, त्यांची मोटरसायकल कडेला स्टँडवर उभी होती, तिला ओरखडा नाही. साहेब म्हणाले, बघू. त्यांचं बघणं मी ओळखलं.

म्हणून मी आणि ख्वाजाभाई साखर कारखान्याकडं गेलो, ऊसतोड्यांच्या कोप्यांमध्ये, झोपडी-झोपडीत विचारत विचारत. तिथं कमल भेटली, आष्टीकडची. चुलीपुढं बसली होती, मांडीवर लेकरू. मी तुमचा फोटो दाखवला तर तिनं तोंडावर हात ठेवला.

"बाई, डोळ्यादेखत झालं. तुमचा मानूस आधी आमच्यापशी आला. म्हनला, ताई, लेकरू घिऊन खाली शेतात बसा, हितं थांबू नका. आमी उतरलो. मंग त्यो मागं जाऊन फडकं हालवाया लागला. पांढरी जीप आली. मोठ्यानं फाट फाट आवाज करीत." तिनं लेकराचं डोकं छातीशी धरलं. "फांद्या उडवल्या, त्याला उडवलं, आन् ट्रॉलीला घासून थांबली."

"थांबली?"

"थांबली की. एक जन खाली उतरला. वाकून बघितलं. आन् परत जीपीत बसला."

भैयानं कुठून तरी बसवून घेतलाच होता तो सायलेन्सर. मला रडू आलं नाही. वाकून बघितलं! ज्यानं वाकून बघितलं त्यानंच मग फोटोत हात जोडले. तुमच्या तिरडीलाही ती पोरं होती. त्यांतल्या कुणाचा तरी खांदा तुम्हाला लागला असेल. हे आठवलं की अजूनही मला अंघोळ करावीशी वाटते.

"हे साहेबांपुढं सांगशील का?" मी कमलला विचारलं.

तिच्या नवऱ्यानं मान हलवली, नको म्हणून. मुकादमानं आधीच दम भरला होता, आपण ऊस तोडायला आलोय, पंचायती करायला नाही. कमलनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग नवऱ्याकडं न बघताच म्हणाली, "लेकरू तर माझंच व्हतं ना तिथं. येते मी."

ती यायच्या आधीच दुसरे आले. तेराव्याचं जेवण झालेलं, मांडव अजून उतरायचा होता. चार जण, एकाचा मोबाइल चालूच, माझ्या तोंडापुढं धरलेला.

"वैनी, मिस्तरींना सलामी द्यायचीय. रविवारी रॅली हाय बीडपर्यंत. मिस्तरींची गाडी पुढं, मागं समद्या बाइका. सायलेन्सर काढून. आख्ख्या जिल्ह्यात आवाज गेला पायजे."

"गाडी चालवणार कोण?"

"भैया. स्वतः. त्यांनाच लई दुःख झालंय."

माझ्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं. ख्वाजाभाई पुढं सरसावला, मी त्याला हातानं अडवलं. म्हटलं, "रविवारी या."

ते गेल्यावर ख्वाजाभाई चप्पल घालून निघालाच. मी म्हटलं, "भाई, इंजिन उतरवा." त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मग त्याला कळलं. चेन-कप्पी लावून आम्ही ते बाहेर काढलं. प्रत्येक नट सोडताना तो रडत होता आणि तुम्हाला शिव्या देत होता, "इतना टाइट कावून करता था रे?" चाकंही काढली. गाडी ओंडक्यांवर ठेवली.

रविवारी डीजे घेऊन आले. भैया पुढं, गळ्यात तुमच्या फोटोचा बिल्ला. गॅरेजचं शटर मी उघडलं. दात काढलेल्या तोंडासारखी ती गाडी ओंडक्यांवर बसलेली. मी म्हटलं, "न्या. ढकलत न्या."

"वैनी, हे बरं न्हाई केलं तुमी," भैया म्हणाला.

मी त्याच्या इतकी जवळ गेले की त्याच्या अत्तराचा वास आला. "भैया, खाली उतरून वाकून बघणारा तू होतास, की जीपमध्ये बसून राहिलेला?"

डीजे चालूच होता, त्यामुळे मागच्यांना ऐकू गेलं नाही. त्याला गेलं. त्याच्या तोंडाचा रंग उतरला. त्यानं बिल्ला चाचपला, वळला, आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला. मागची पोरं थोडा वेळ आमच्याकडं, थोडा वेळ गाडीकडं बघत राहिली. कुणीतरी डीजे बंद केला.

दुसऱ्या दिवशी कमल आली. उसाच्या पाचटानं चिरलेले हात, धुतलेलं लुगडं, कडेवर लेकरू. बीडला मोठ्या साहेबांच्या ऑफिसात दुपारपर्यंत बसलो. तिनं सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. त्यानंतर जीप सापडली, एका शेतातल्या शेडमध्ये, पुढचा दिवा फुटलेली. भैयावर गुन्हा लागला. आठवड्याच्या आत तो जामिनावर बाहेरही आला, हारतुरे घालून. तुम्ही असता तर म्हणाला असता, चालायचंच. मला चालत नाही. कोर्टाची तारीख पडेल तेव्हा मी जाणार आहे, कमलही येणार आहे. पुढचं मला माहीत नाही.

फ्लेक्स मी काढलेला नाही. रसवंतीवाला आता म्हणतो, वैनी, काढू का? मी म्हटलं राहू द्या. आता गावाला माहीत झालंय. येता-जाता लोकांना तुमचं आणि त्याचं तोंड एका कापडावर बघू द्या, आणि कुणाला लाज वाटते का ते मला बघू द्या.

तुमचाही राग आहे मला, हे विसरू नका. घरी बायको वाट बघते हे त्या फांद्या तोडताना एकदा तरी मनात आलं का? हे मी रोज तुमच्या फोटोला विचारते. मग कमलचं लेकरू डोळ्यांपुढं येतं आणि माझं विचारणं अर्ध्यातच थांबतं. आपलं ते भांडणही अर्धंच राहिलं. टर्बोचा दाब तुम्हाला आणखी वाढवायचा होता, आणि मी म्हणत होते, आहे तेवढा पुरे. ख्वाजाभाई तुमच्या बाजूनं आहे. मी अजून हटलेले नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. जिनिंगच्या आवारात एकदा तुम्ही मला तुमच्या जागी बसवून, दोन उशा पाठीला लावून, गाडी चालवायला दिली होती. परत आल्यावर तुम्ही विचारलंत, "कसं वाटलं?" मी म्हटलं, "घाण वास येतो आत." खरं तर मला उतरावंसं वाटत नव्हतं. एवढं बोलायला काय झालं होतं मला?

काल ख्वाजाभाईनं इंजिन परत बसवलं. पाइपाची पट्टी सुटली होती, ती मी नवी गुंडाळली. गाडी पहिल्याच चावीला चालू झाली. धावपट्टीवाल्यांचा फोन आला होता, मिस्तरींची गाडी या वेळी आणणार का म्हणून. मी हो म्हटलंय. ख्वाजाभाईनं विचारलं, चालवणार कोण? मी आत जाऊन बसले. पाय क्लचपर्यंत पोचेना. सीट तुमच्या मापाची, खाली पत्र्याला वेल्ड करून टाकलेली.

"भाभी, काटू?" ख्वाजाभाईनं विचारलं. ग्राइंडर हातात होता, पण हात पुढं येत नव्हता.

मी स्टिअरिंग धरून बसून राहिले. तुमच्या पाठीनं त्या सीटला खोलगट आकार आला होता, तो माझ्या पाठीला कळत होता. मग मी बाहेर आले आणि म्हटलं, "कापा."

ठिणग्या उडाल्या. सीट चार बोटं पुढं घेऊन त्यानं परत जोडली. लोखंड थंड व्हायची वाट बघितली, आणि मी पुन्हा बसले.

आता पाय पोचतो.